गळ्यातला क्रूस आणि वर्गातले टोमणे

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे. राखेच्या बुधवारी ती कपाळावर राखेचा क्रूस घेऊन शाळेत गेली. तेव्हापासून वर्गातल्या चार-पाच जणी तिला 'पाद्रीणबाई' म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येशूचे विद्रूप केलेले चित्रही टाकले. आता ती गळ्यातला क्रूस काढून शाळेत जाते आणि 'आई, तू शाळेत येऊ नकोस' म्हणते. काय करावे?

उत्तर : 'राख का लावता?' हा साधा प्रश्न असू शकतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, पश्चात्तापाची खूण, एवढे सांगितले की तो संपतो. उत्तर मिळूनही तेच रोज, घोळक्याने चालले असेल तर ती छळवणूक आहे आणि कितीही चांगल्या उत्तराने ती थांबत नाही. म्हणून लेकीला धर्माची वकिली करायला लावू नका. अख्ख्या चर्चचा जाब एका मुलीकडे मागणे हेच मुळात अन्यायाचे आहे.

आजपासून एक वही ठेवा : तारीख, वेळ, जागा, जसेच्या तसे शब्द, कोण हजर होते. 'सगळे चिडवतात' एवढ्यावर शाळा काही करू शकत नाही. 'मंगळवारी मधल्या सुट्टीत, जिन्यावर, तिघींसमोर' असे लिहिले की शिक्षकांना विचारपूस करता येते. ग्रुप सोडण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. ग्रुपचे नाव, पाठवणारीचे नाव आणि वेळ त्यात दिसायला हवी. ते चित्र नातेवाइकांना किंवा चर्चच्या ग्रुपवर मुळीच पाठवू नका. मोठ्यांचे भांडण पेटते आणि झळ वर्गात मुलीलाच बसते.

वहीत काय लिहिले आहे ते तिच्याशी बोलून वर्गशिक्षकांना एक पानी पत्र द्या, पोच घ्या. मागण्या तीनच ठेवा : त्या मुलींशी एकेकीशी स्वतंत्र बोलणे, मधल्या सुट्टीत लक्ष, दोन आठवड्यांनी पुन्हा भेट. समोरासमोर बसवून 'मिटवून टाका' म्हणाले तर ठाम नकार द्या. पाच जणींपुढे एकटी मुलगी मान डोलावते आणि दुसऱ्या दिवशी जिन्यावर त्याची किंमत मोजते. वर्गासमोर धर्माची माहिती सांगायला उभे करणेही, तिची स्वतःची इच्छा नसेल तर, टाळा.

एक मैत्रीण सोबत असली तरी खूप फरक पडतो. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवरील निरीक्षणांत (२००१) सोबत्यांपैकी कुणी मध्ये पडले तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला होता. मैत्रिणीने वाद घालायचा नाही. 'चल, आपल्याला उशीर होतोय' म्हणून हात धरून तिथून घेऊन जायचे, बस.

क्रूस घालायचा की नाही हे मुलीला ठरवू द्या. तो काढला म्हणजे श्रद्धा डळमळली असे घरात कुणी म्हणू नये. झोप, जेवण, अभ्यास दोन आठवडे बिघडलेले दिसले तर समुपदेशकांकडे न्या. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा आहे. चर्चला जातो म्हणून मित्र 'तू कसला शास्त्रज्ञ होणार' म्हणतात.

उत्तर : आनुवंशिकतेबद्दलचे वाटाण्यांवरचे प्रयोग १८६६ मध्ये प्रसिद्ध करणारे ग्रेगोर मेंडेल मठवासी होते. विश्वाची सुरुवात एका आदिम अणूपासून झाली, ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. हे एकदा सांगा आणि सोडून द्या, कारण घोळक्यात कुणाला उत्तर नको असते. त्यांच्यातला ज्याला खरेच जाणून घ्यायचे असेल तो एकटा भेटल्यावर पुन्हा विचारेल. त्याच्याशी मात्र वेळ काढून बोला.