खाडीत स्वतःची जेटी बांधायची आहे, परवानगी कुणाची?

प्रश्न : देवगड तालुक्यात खाडीकाठी आमचं वडिलोपार्जित घर आहे. घर आणि पाणी यांच्यामध्ये खाजण (भरतीचं पाणी शिरणारी दलदलीची जागा) आहे, त्यात तिवरं वाढली आहेत. सातबारा माझ्या चुलत्यांच्या नावावर आहे. आम्ही होमस्टे सुरू केला आहे. पाहुण्यांना घरूनच होडीत बसवता यावं म्हणून खाजणावरून लाकडी खांबांची जेटी बांधायचा विचार आहे. ठेकेदार म्हणतो, भराव नसल्यामुळे ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पुरे. झाडं तोडायची नाहीत, थोड्या फांद्या छाटाव्या लागतील. काय करावं?
— एक वाचक, देवगड

उत्तर : ठेकेदाराला अजून आगाऊ रक्कम दिली नसेल, तर देऊ नका. भूकरमापक म्हणून माझी सगळी नोकरी याच किनाऱ्यावर झाली. सातबारा दाखवून ‘जागा आमची’ म्हणणारे आणि मग खटल्यात अडकलेले लोक मी पाहिले आहेत. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो.

पहिली गोष्ट भरतीरेषेची. ती भांगाच्या दिवसांतल्या, म्हणजे लहान भरतीच्या, पाण्यावरून ठरत नाही, उधाणाचं पाणी जिथवर चढतं तिथे ती धरतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार त्या रेषेखालचा खाडीचा तळ सरकारचा. म्हणजे जेटीचे पुढचे खांब तुमच्या जागेत येतच नाहीत. किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर ही रेषा आणि कांदळवन, म्हणजे तिवरांचं रान, दोन्ही दाखवलेलं असतं. आपला गट क्रमांक त्यावर आधी शोधा.

दुसरी गोष्ट याहून मोठी. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली. जमीन कुणाच्या नावावर आहे, याने फरक पडत नाही. कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकाम चालत नाही. सूट मिळते ती सार्वजनिक हिताच्या कामाला, तीही न्यायालयाच्या परवानगीने. होमस्टेची जेटी त्यात बसत नाही. खांबांवरचं बांधकामही बांधकामच, आणि छाटलेली फांदीही गुन्ह्यात धरली जाऊ शकते. ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजे गावाची हरकत नाही, एवढंच. जी परवानगी देण्याचा अधिकार पंचायतीला नाही, ती त्या कागदातून येत नाही.

मला ही बंदी रास्त वाटते. ओहोटीला एकदा खाजणात उतरून बघा. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी उभी असतात, मधे कुर्ल्यांची बिळं. चिखलात हवा नसते, झाड या मुळांवाटे श्वास घेतं. खांब ठोकायला माणसं आणि सामान आत शिरलं की ती तुडवली जातात, आणि फळ्यांच्या सावलीत नवी रोपं धरत नाहीत. कोळंबी आणि तांबोशीची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात. कालवं काढायला उतरणाऱ्या बायकांची वाटही तिथूनच जाते. त्यांना कुणी विचारलं का?

आता मार्ग. गावात मच्छीमारांची किंवा सरकारी जेटी असेल, तर मच्छीमार सोसायटीशी किंवा बंदर कार्यालयाशी बोलून पाहुण्यांना तिथूनच होडीत बसवा. चार पावलं चालण्याने पाहुणा नाराज होत नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांचा बचतगट होडीतून कांदळवन दाखवतो, लोक मुद्दाम त्यासाठी तिथे जातात. तुमच्याही पाहुण्यांना दाखवण्यासारखं जे आहे, ते त्या खाजणातच आहे.

गावात जेटीच नसेल, तर ग्रामपंचायत आणि मच्छीमार मिळून, तिवरं नसलेल्या जागी, सर्वांसाठी जेटी मागा. अर्ज महाराष्ट्र सागरी मंडळाकडे करायचा, जवळच्या बंदर कार्यालयात चौकशी होते. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांच्या, मंजुरीसाठी प्रस्ताव राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापुढे जातो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते आणि तिच्यावर स्थानिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी घ्यावे लागतात. त्यांना आधी भेटा. वेळ लागेल, वर्षही जाईल.

अर्जाआधी चुलत्यांना सोबत घेऊन तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जा, गटाचा नकाशा काढा आणि हद्द कायम मोजणीचा, म्हणजे गटाच्या सीमा जागेवर ठरवून घेण्याचा, अर्ज द्या. तो नकाशा किनारा आराखड्याशी ताडला, की घर भरतीरेषेपासून किती आत आहे, याचाही अंदाज येईल. होमस्टेला पुढे एखादी खोली वाढवायची झाली, तरी तो कागद लागणारच आहे.