प्लॅटिनम टाळायचं ना? मग आधी लोखंडाचा हिशोब लावा

खानापूरहून प्रश्न आलाय: एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला वीज वापरून पाण्यातून हायड्रोजन काढायला स्वस्त कॅटॅलिस्ट (क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) करायचाय, प्लॅटिनम-इरिडियम परवडत नाही. कोबाल्ट फॉस्फाइड घ्यावं की मोलिब्डेनम सल्फाइड?

सध्या दोन्ही बाजूला ठेवा. कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात काम करणार असाल, तर अशा द्रावणात विजेने पाणी फोडणारे कारखान्यांतले अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर कधीपासून निकेलवरच चालतात. महाग धातू लागतात ते आम्लधर्मी पडद्याच्या सेलला. तुमचा खरा प्रश्न व्होल्टेजचा आहे: तो जितका जास्त लागेल, तितकी वीज जास्त. १ किलो हायड्रोजनला हिशोबाने सुमारे ३९ युनिट वीज पुरायला हवी, प्रत्यक्षात ५० च्या वर जाते. ही जादाची वीज जो वाचवेल तो कॅटॅलिस्ट स्वस्त; पावडरीचा भाव नंतर बघू.

जादा व्होल्टेजचा मोठा वाटा ऑक्सिजनच्या बाजूला, म्हणजे सेलच्या धन टोकाला, जातो, म्हणून निकेल-लोखंडाचं हायड्रॉक्साइड करा. निकेल फोम (निकेलचा स्पंजासारखा सच्छिद्र पत्रा) पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात धुवा, दोन्ही धातूंच्या नायट्रेटच्या द्रावणात ऋण टोकाला लावा आणि थोडा करंट सोडा. नायट्रेटचं क्षपण होतं, पृष्ठभागाशी अल्कली तयार होते आणि हायड्रॉक्साइड तिथंच बसतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुणाकडे निकेल प्लेटिंग बघायला मिळालं तर जरूर बघा, हात लवकर बसेल. फक्त इथं थर धातूचा नको.

आता खरी गोम. ‘शुद्ध’ निकेलचे जे चांगले आकडे दिसतात, त्यांत बऱ्याचदा पोटॅशमध्ये अशुद्धी म्हणून असलेल्या लोखंडाची करामत असते. कॉरिगन यांनी १९८७ मध्येच हे दाखवलं होतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या बोएचर यांच्या गटाने पोटॅशमधलं लोखंड काढून टाकलं, तर निकेल एकदम मंद पडलं. तुम्हीही तुलनेसाठी एक बॅच तशी करा: पोटॅशमध्ये शुद्ध निकेल हायड्रॉक्साइडचा गाळ हलवा, तो लोखंड धरून ठेवतो, मग वरचं द्रावण काढून घ्या. ही तुलना नसेल तर तुमच्या कॅटॅलिस्टने काय केलं आणि पोटॅशने काय केलं, हे परीक्षकाला सांगता येणार नाही.

हायड्रोजनच्या बाजूला निकेल-मोलिब्डेनम पुरे. तिथं मोजताना समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा नको, ग्रॅफाइटचा घ्या. प्लॅटिनम विरघळून तुमच्याच नमुन्यावर चढतं, आणि ‘प्लॅटिनमविना’ म्हणवणारा आलेख प्लॅटिनमचाच निघतो! असे पेपर छापूनही आलेत. ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचा तो संदर्भ इलेक्ट्रोड मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइडचा. ऑक्सिजनच्या बाजूला आलेखात निकेलच्या ऑक्सिडेशनचं शिखर मध्ये येतं, त्यामुळे आकडा परतीच्या स्कॅनवरून, म्हणजे व्होल्टेज उतरवतानाच्या आलेखावरून, घ्या.

१० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरवर थांबू नका. कारखान्यात करंट याच्या कितीतरी पट असतो. ३०० मिलिअँपिअरवर रात्रभर चालवा, खोलीची हवा खेळती ठेवून, आणि सकाळी व्होल्टेज किती चढला ते लिहा.

पोटॅशची बरणी मात्र पावसाळ्यात उघडी टाकू नका. आपल्याकडच्या दमटपणात गोळ्यांना लगेच पाणी सुटतं, वर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून कार्बोनेट होतं. द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा, काच ते हळूहळू खातं.