वाचक विचारतात: मोनाकोला कुणी कुणाच्या पुढेच जात नाही, मग बघायचं तरी काय?

प्रश्न: मोनाकोची फॉर्म्युला वन रेस पहिल्यांदाच अख्खी बघितली. ७८ लॅप (फेऱ्या) सगळे रांगेत एकामागोमाग. ह्याला रेस म्हणायचं की मिरवणूक?

मिरवणूक म्हणा, मी काही भांडायला येणार नाही. २०२४ला तर पहिले दहा जण ज्या नंबरवर सुरू झाले त्याच नंबरवर संपले, फॉर्म्युला वनमध्ये असं पहिल्यांदाच झालं. झालं काय तर पहिल्याच लॅपला पेरेझ आणि हास टीमच्या दोन्ही गाड्या एकमेकांवर आपटल्या, रेड फ्लॅग लागला म्हणजे रेस थांबवली, रेड फ्लॅगमध्ये टायर बदलायला परवानगी असते त्यामुळे सगळ्यांनी तिथेच तो सक्तीचा टायर बदल उरकून टाकला, आणि पुढच्या गाड्यांना नंतर पिटमध्ये (टायर बदलायच्या थांब्यावर) यायची गरजच राहिली नाही. मग काय, टायर सांभाळत आरामात फेऱ्या मारत बसले. शार्ल लेक्लेर जिंकला, तो तिथलाच पोरगा, त्याला ह्या रांगेचं काही वाईट वाटलं नसणार.

आता पुढे का जाता येत नाही ते बघा. गाडी पाच मीटरपेक्षा लांब आणि २०१७ पासून तब्बल दोन मीटर रुंद (२०२६च्या नियमात १० सेंटीमीटर कमी केलेत, चला तेवढं तरी). रस्ता मात्र थोडेफार फेरफार सोडले तर १९२९च्या पहिल्या रेसचाच. गाड्या फुगत गेल्या पण रस्ता कुठून फुगणार, एका बाजूला इमारती आणि दुसऱ्या बाजूला बंदर. पूर्ण लॅप ३.३३७ किलोमीटरची, त्यात १९ वळणं, आणि दाबून ब्रेक मारत आत घुसावं अशी बरी म्हणावी अशी जागा एकच, बोगदा संपल्यावरची शिकेन (लागोपाठची डावी-उजवी वळणं). तिथे पण पुढच्याने आतली बाजू धरली की खेळ खल्लास. म्हणजे पुढचा माणूस लॅपला दोन-तीन सेकंद हळू चालवतोय हे दिसत असून मागचा काही करू शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की मोनाकोची खरी रेस शनिवारी असते. क्वालिफायिंग (रविवारी कोण कितव्या नंबरवरून सुरू करणार ते ठरवणारी फेरी) बघा हो, तेही ऑनबोर्ड कॅमेऱ्यातून! ताबाकच्या वळणाला किंवा स्विमिंग पूलपाशी मागचं चाक कठड्याला चाटून जातं ते बघा, तिथे एक बोट जास्त गेलं की सस्पेन्शन गेलं आणि एक बोट कमी गेलं की वेळ गेला. हॉटेलसमोरच्या हेअरपिनला स्पीड जेमतेम ताशी ५० किलोमीटर आणि स्टेअरिंग इतकं वळवावं लागतं की टीम्स खास मोनाकोसाठी जास्त वळणारं स्टेअरिंग बसवतात. १९८८ला आयर्टन सेना ह्या ड्रायव्हरने शनिवारी आपल्याच टीमच्या अॅलन प्रोस्टला १.४२७ सेकंदाने मागे टाकलं होतं, गाडी सेम टू सेम. २०२५ला नॉरिसने १ मिनिट ९.९५४ सेकंद लावून पोल (पहिल्या नंबरची सुरुवात) घेतली, तो लॅप शोधून बघा आणि मग सांगा झोप येते का.

आणि रविवारी बघायचंच असेल तर गाडी विरुद्ध गाडी बघू नका, माणूस विरुद्ध भिंत बघा. त्याच १९८८ला सेना जवळपास एका मिनिटाने पुढे होता, मागे कुणी दिसत पण नव्हतं, आणि ६७व्या लॅपला पोर्तिएच्या वळणावर एकटाच जाऊन कठड्यात घुसला. टीमकडे परत न जाता तिथून चालत थेट आपल्या फ्लॅटवर गेला. रेस प्रोस्ट जिंकला. पुढे सेना तिथे ओळीने पाच वर्षं जिंकला, एकूण सहा विजय, तो आकडा अजून कुणी गाठलेला नाही.

प्रश्न: २०२५ला दोन पिटस्टॉप कम्पल्सरी केले होते ना, त्याने फरक पडला का?

पडला, पण ज्यासाठी नियम केला त्याच्या बरोब्बर उलटा. कल्पना अशी होती की प्रत्येकाला टायरचे तीन सेट वापरायला लावले की स्ट्रॅटेजी चुकेल, रांग मोडेल. टीम्सनी वेगळंच डोकं लावलं. रेसिंग बुल्स टीमने आपल्या लॉसनला सांगून मुद्दाम हळू चालवायला लावलं, त्याच्या मागे सगळे तुंबले, आणि पुढे असलेल्या त्यांच्याच हाजारला एवढी मोकळी जागा मिळाली की तो पिटमध्ये जाऊन ह्या तुंबलेल्यांच्या पुढेच बाहेर आला. विल्यम्स टीमने तेच बघून आपल्या अल्बन आणि साइन्झकडून आळीपाळीने करून घेतलं. मर्सिडीजचा रसेल मागे इतका वैतागला की सरळ शिकेन कापून पुढे गेला आणि पेनल्टी घेऊन मोकळा झाला. व्हर्स्टॅपन तर कुठे रेड फ्लॅग लागतोय का ह्याची वाट बघत शेवटून दुसऱ्या लॅपपर्यंत दुसऱ्यांदा पिटमध्ये आलाच नाही. लागला नाही, चौथा आला. जिंकला पोलवाला नॉरिसच, म्हणजे बघा.

मला विचाराल तर ह्यात चूक टीम्सची नाही. जिथे हळू चालवून फायदा होतो तिथे लोक हळूच चालवणार, नियम कितीही करा.

प्रश्न: रोजच्या वाहतुकीचा रस्ता म्हणजे गटारांची झाकणं पण असणारच. ती उडत नाहीत का?

उडतात की, म्हणून तर रेसच्या आधी वेल्डिंग करून बसवतात. गाडीच्या खालून हवा इतक्या जोरात जाते की तिथे प्रेशर कमी होतं आणि गाडी खालच्या वस्तू अक्षरशः ओढून घेते, तिला डांबर काय नि झाकण काय. २०१६ला मोनाकोतच प्रॅक्टिसमध्ये एक झाकण सुटून जेन्सन बटनच्या गाडीवर आदळलं होतं. २०२३ला लास वेगासला तर कहर झाला, पहिली प्रॅक्टिस सुरू होऊन दहा मिनिटं पण झाली नव्हती आणि पाण्याच्या व्हॉल्व्हचं झाकण साइन्झच्या फेरारीने उपटलं, गाडीचं वाटोळं, वर पार्ट बदलले म्हणून ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत) दहा जागा मागे ढकललं त्यालाच! हा अन्याय मला अजून पचलेला नाही.

रस्त्यावरचे पांढरे पट्टे ही दुसरी डोकेदुखी, पाऊस पडला की रंगावर चाक गेलं आणि घसरलं.

प्रश्न: गाडी समुद्रात पडली होती म्हणतात, खरं की थाप?

खरं, आणि एकदा नाही दोनदा. १९५५ला आल्बेर्तो अस्कारी आपल्या लान्चिया गाडीसकट बंदरात गेला आणि पोहत वर आला, जखम किरकोळ. पण नशीब बघा, चारच दिवसांनी इटलीतल्या मोंझाला गाडी चालवून बघताना अपघातात गेला. १९६५ला पॉल हॉकिन्स लोटस गाडी घेऊन पाण्यात, तोही सुखरूप निघाला.

प्रश्न: मागून सुरुवात करून कुणी जिंकलंय का कधी?

१९९६, ऑलिव्हिए पानिस, लिजिए गाडी, सुरुवात १४व्या नंबरवरून. पावसाने रस्ता ओला होता, शूमाकर पहिल्याच लॅपला भिंतीत, डेमन हिल आघाडीवर असताना इंजिन गेलं, मग अलेसी पुढे आला तर त्याचीही गाडी बिघडली. पानिसला नुसतं फुकटात मिळालं असं मात्र नाही हां, त्याने त्या अरुंद रस्त्यावर काही जणांना खरोखर ओव्हरटेक केलं होतं, आणि ड्राय (कोरड्या रस्त्याचे) टायर पण अगदी योग्य वेळी घातले. दोन तासांची मर्यादा संपली म्हणून रेस ७५ लॅपवरच थांबवली. झेंड्याखालून तीनच गाड्या गेल्या, पानिस, कूल्टहार्ड आणि हर्बर्ट. पानिस परत कधी जिंकला नाही, लिजिए पण नाही.