केळीचा भाव आणि भोवत्याची ओळख

तुम्ही विचारलंय की धुळे, जळगाव, नंदुरबारचे पक्षीनिरीक्षक फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर एकत्र आहेतच, मग त्यांच्यासाठी वेगळा फोरम, म्हणजे चर्चेचं संकेतस्थळ, काढण्यात काही अर्थ आहे का. माझं उत्तर: काढा. माणसं थोडी येतील, तरी काढा.

मी यावल तालुक्यातला, घरी केळी. आमचा केळीच्या भावाचा ग्रुप आहे. सकाळी भाव येतो, दुपारपर्यंत त्यावर बोलणं होतं आणि दुसऱ्या दिवशी तो मजकूर कुणालाच लागत नाही. त्या कामाला फोनवरच्या ग्रुपसारखं साधन नाही, कारण आजचा भाव उद्या शिळा. पाखरांचं तसं नसतं.

काही वर्षांपूर्वी थंडीत हतनूर धरणाच्या बाजूला एका पोराने फोटो काढून आमच्या पक्ष्यांच्या ग्रुपवर टाकला. ‘हाई कोनतं पाखरू शे, भाऊ?’ भोवत्याची (इंग्रजीत हॅरियर, एक शिकारी पक्षी) मादी होती. पॅलिड हॅरियर की माँटेग्यू, हे मादीत ओळखणं भल्याभल्यांना जड जातं. आमच्यातल्या एका जुन्या काकांनी अर्धा तास खपून फोटोवर खुणा केल्या. गालावरचा गडद पट्टा बघ, त्याच्यामागे मानेला फिकट कॉलर उठून दिसते का बघ, दिसत असेल तर पॅलिड धर, असं एकेक करून समजावलं. इतकं सोपं करून सांगितलेलं मी कुठे वाचलेलं नाही. त्याच संध्याकाळी ग्रुपवर दोन वाढदिवस आणि एक निधनाची बातमी आली आणि काकांचं लिखाण त्याखाली गाडलं गेलं. पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या कुणी तसाच फोटो टाकला, काकांनी पुन्हा सगळं लिहिलं. तिसऱ्या वर्षी त्यांनी लिहिलं नाही. मला त्या गोष्टीचं आजही वाईट वाटतं. जाणता माणूस भांडून निघून गेला तर निदान कळतं तरी. तेच तेच सांगून दमला की तो नुसता गप्प होतो.

फोरमवर विषयाचा धागा असतो, त्या विषयावरचं सगळं बोलणं त्यातच राहतं. तीन वर्षांनी कुणी त्यात नवा फोटो घातला की अख्खा धागा वर येतो, काकांच्या मूळ उत्तरासकट. सोशल मीडियावर वेळ आणि पसंती यांवर सगळं ठरतं. खंड्याचा देखणा फोटो शंभर बदाम मिळवतो आणि भोवत्याचा धूसर फोटो, ज्यातून खरं शिकायला मिळतं, तो तसाच खाली जातो. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६पासून चालू आहे आणि तिथले जुने धागे आजही शोधून वाचता येतात. उलट याहू ग्रुप्सवरचं जुनं लिखाण २०१९च्या शेवटी काढायला सुरुवात झाली आणि १५ डिसेंबर २०२०ला ती सेवाच बंद झाली. तेव्हा नोंद आपल्या ताब्यात हवी.

नोंदीचं मोल काय असतं हे आपल्या खान्देशाला निराळं सांगायला नको. रानपिंगळा हे छोटं घुबड घ्या. ह्यूम या पक्षीतज्ज्ञाने १८७३मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, आणि जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या तळोदा-शहादा भागातून त्याचे नमुने गोळा केले. १८८४नंतर कित्येक वर्षं त्याची खात्रीची नोंद नव्हती. पण रिचर्ड माइनर्टझहॅगन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाच्या संग्रहात एक नमुना होता, त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधलं मांडवी लिहिलेलं. ती चिठ्ठी खोटी होती. नमुना डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून उचललेला. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी जुने नमुने आणि चिठ्ठ्या एकमेकांशी ताडून हे उघड केलं. मग मांडवी बाजूला ठेवून खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात रानपिंगळा जिवंत सापडला. शंभराहून जास्त वर्षांनी! मूळ कागद कुणीतरी जपले होते म्हणून एक खोटी ओळ पकडता आली. आमच्या ग्रुपवर अशी चुकीची ओळख पडली तर ती पुढे पाठवली जाते, आणि दुरुस्ती मागेच राहते.

यादी आणि संख्या नोंदवायला ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं संकेतस्थळ आहेच, त्यासाठी फोरम नको. पण ‘हा तोच कशावरून’ ही चर्चा यादीत मावत नाही.

आता फोरम म्हणजे कष्ट, हेही सांगतो. पीएचपीबीबी किंवा डिस्कोर्स ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, पण सर्व्हर आणि डोमेनचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. एकाच माणसाच्या नावावर सगळं ठेवू नका. तो नोकरीसाठी पुण्याला गेला की फोरम बुडालाच समजा. दोघांकडे चाव्या असाव्यात, दर महिन्याला बॅकअप घ्यावा. फोटो आपल्याच सर्व्हरवर चढवा. २०१७मध्ये फोटोबकेट या फोटो ठेवायच्या साइटने नियम बदलले आणि जगभरच्या फोरमांवरचे फोटो एका झटक्यात दिसेनासे झाले, मजकूर मागे राहिला. शिवाय बाहेरची जाहिरातबाजी घुसते, ती रोज कुणीतरी साफ करायला हवी.

आणखी एक, यात मी अजिबात सूट देणार नाही. फोरम गूगलवर दिसतो, सगळ्या जगाला. रानपिंगळ्याची ढोली किंवा कुठलंही घरटं नेमकं कुठे आहे ते तिथे लिहायचं नाही. तालुका लिहा, पुरे. घरट्यापाशी कॅमेरेवाल्यांची रीघ लागली की पाखरू पिलं सोडून जातं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मोडू नका. ‘हतनूरला चक्रवाक उतरलेत, उद्या पहाटे निघायचं का’ हे तिथेच शोभतं, आणि आपल्याकडची बरीच मंडळी फोरमवर स्वतःहून येणारही नाहीत. तिथे चांगली चर्चा झाली की एकाने ती उचलून धाग्यात लावायची आणि त्याची लिंक परत ग्रुपवर टाकायची. हे काम कुणावर तरी नेमून द्या, नाहीतर होत नाही.

पहिला धागा भोवत्यांचाच काढा. काकांना फोरमवर टाइप करायला लावू नका. त्यांच्या घरी जाऊन बसा, ते बोलतील तसं लिहून घ्या. खुणा केलेले दोन फोटो माझ्या जुन्या फोनमध्ये अजून आहेत, ते मी देतो.