निकालाआधीचे सहा आठवडे

नोव्हेंबर लागला की न्यू जर्सीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मराठी आईवडिलांकडून एकच वाक्य वारंवार ऐकू येतं: "अर्ज तर गेला, पण आता हिला काही सुचतच नाहीये." हा अर्ज 'अर्ली डिसिजन'चा. ज्यांच्या घरी बारावीतलं मूल नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सगळ्यात आवडत्या अशा एकाच कॉलेजला साधारण १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज करायचा. प्रवेश मिळाला तर तिथेच जाणार, असं मुलाने, पालकांनी आणि शाळेच्या समुपदेशकाने सही करून कबूल करायचं. मग डिसेंबरच्या मध्यापर्यंत वाट बघायची. तिथे नाही मिळाला, तर बाकीच्या कॉलेजांना नेहमीच्या फेरीत, बहुतेक ठिकाणी जानेवारीपर्यंत, अर्ज करायचे आणि त्यांचे निबंध लिहून द्यायचे. ('अर्ली ॲक्शन'मध्ये ही बांधिलकी नसते, तिथे निवड करायला १ मेपर्यंत वेळ असतो.) मध्ये थँक्सगिव्हिंग येतं, घर पाहुण्यांनी भरतं आणि येणारा प्रत्येक जण तेच विचारतो.

मुग्धा (नाव आणि तपशील बदलले आहेत) आईबरोबर आली ती थँक्सगिव्हिंगनंतरच. ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागते, कॉलेजचं निकालाचं पोर्टल उघडते नि मिटते, आणि बाकीच्या कॉलेजांचे निबंध उघडूनसुद्धा बघत नाही, असं आई सांगत होती.

"निबंध का राहिले गं?" मी विचारलं.

"वेळ नाही मिळाला."

"आणि मिळाला असता तर?"

स्वेटशर्टच्या बाहीतून निघालेला दोरा ती बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "वेडेपणा वाटेल. पण ते लिहायला घेतले, तर इकडे मिळणार नाही असं मीच म्हटल्यासारखं होईल."

कॅल्क्युलस सहज सोडवणाऱ्या मुलांकडून मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की आता नवल वाटत नाही. पालकांना हसू येतं. मला येत नाही, कारण घरातही तोच सूर असतो. 'नाही मिळालं तर' एवढं कोणी म्हणायचा अवकाश, की लगेच "शुभ बोल गं!" मूल ते ऐकतं आणि भीती पोटात ठेवायला शिकतं.

माझी घडण अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर झाली. १९५०च्या दशकात याच बाजूला, न्यूयॉर्कमध्ये, त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. तिच्यातली एक सवय मी घट्ट धरून ठेवली आहे: ज्याची धास्ती वाटते ते 'समजा झालंच' असं धरून शेवटपर्यंत बोलायचं. म्हणून पुढच्या भेटीत मी मुग्धाला म्हटलं, "संध्याकाळी सातला निकाल लागला. पडद्यावर 'नाही' आलं. सात वाजून पाच मिनिटांनी तू कुठे आहेस?"

आई मध्येच म्हणाली, "ताई, आत्तापासून कशाला ते? देव करो आणि..."

"आई, मी रोज रात्री तेच बघते," मुग्धा म्हणाली. "एकटी. आज एकदा तू बरोबर बघ ना."

आईला बोलता येईना. मीही गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने घाई केली की हाताशी आलेलं निसटतं.

"मी बाथरूममध्ये आहे. रडतेय," मुग्धाच पुढे बोलू लागली.

"साडेसातला?"

"आई दार वाजवते."

"आठला?"

ती विचारात पडली. "भूक लागेल बहुतेक." मग एकदम, "पण आजीचा फोन येईल! आपले सात म्हणजे साताऱ्यात पहाटेचे साडेपाच. ती गजर लावून उठणार आहे. तिला मी नाही सांगू शकणार."

"मी सांगेन," आई म्हणाली. त्या तासातलं तिचं हे पहिलं मोकळं वाक्य.

"दुसऱ्या दिवशी?" मी विचारलं.

"फिजिक्सची टेस्ट. लंचला... रियाजवळ बसेन, ती काही विचारत नाही."

"आणि नाताळच्या सुट्टीत?"

"निबंध लिहीत असेन. आठच्या आठ." ती थांबली. "मग आत्ता लिहायला काय झालंय?"

हा प्रश्न मी विचारला असता तर तो उपदेश झाला असता. तो तिचा तिला सुचला, यात माझ्या कामाचं सार्थक आहे असं मी मानते.

मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपण म्हणतो. पण माझ्या अनुभवात मन ते चिंतन अर्ध्यावर टाकतं. रोज रात्री चित्र सात वाजून एक मिनिटावर येऊन अडकतं. त्यापुढची भूक, टेस्ट, मैत्रीण हे काही दिसतच नाही. तिथे 'सगळं छान होईल' म्हणून भागत नाही. चित्र पुढे न्यावं लागतं, आणि तेही कोणाच्या तरी सोबतीने.

पालकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की राहिलेले निबंध निकालाआधी लिहून होऊ द्या. निकालानंतर बहुतेक कॉलेजांच्या जानेवारीच्या मुदतीला जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात, त्यात सुट्टी लागून शाळेचं ऑफिस बंद होतं. गुणपत्रक, शिफारसपत्र काही हवं असेल तर ते सुट्टीआधीच मागा. निकाल एकटीने बघायचा की सगळ्यांबरोबर, हे मुलीला ठरवू द्या. त्या वेळी मोबाइलचा कॅमेरा सुरू करू नका. नातेवाइकांना फक्त महिना सांगा, तारीख आणि वेळ सांगू नका. मुलांना नकाराइतकाच तो दहा ठिकाणी सांगण्याचा धाक असतो. कॉलेजचा विषय दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी काढा. झोप आणि जेवण तुटतच चाललं, किंवा 'माझा काही उपयोग नाही' अशी भाषा आली, तर निकालाची वाट न बघता तज्ज्ञाकडे न्या. जिवाची भीती वाटली तर अमेरिकेत ९८८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

मुग्धाला उत्तर आलं ते 'डिफर्ड', म्हणजे अर्ज आता नेहमीच्या फेरीत पुन्हा पाहणार. 'हो' नाही, 'नाही'सुद्धा नाही, आणि वाट बघणं आणखी तीन महिने. आठपैकी सहा निबंध तोवर लिहून झाले होते. पुढे मार्चअखेर काय आलं ते मी मुद्दाम सांगत नाही, कारण मग वाचणारे त्या निकालावरूनच या सगळ्याची किंमत करतील.

डिफर्ड झालेल्यांनी कॉलेजला एकच पत्र लिहावं, पानभराच्या आत: अजून यायची इच्छा आहे, आणि नोव्हेंबरनंतर नवीन काय घडलं. कॉलेजने पत्र नको असं कळवलं असेल तर तेही लिहू नये. दर आठवड्याला मेल करू नये, वडिलांनी फोन तर मुळीच करू नये. सहामाहीचे गुण शाळेकडून वेळेवर जातील एवढं बघावं, ते खरोखर वाचले जातात.