वाकलेल्या बोटाचा दोष कुणाला?

ताई,

माझं वय ६२. चिंचवडला एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये २६ वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी हँड ग्राइंडरवर. नोकरीत असतानाच उजव्या तळहातावर, करंगळीशेजारच्या बोटाखाली एक गाठ हाताला लागायची. घट्टा असेल म्हणून सोडून दिलं. आता ते बोट आणि करंगळी दोन्ही आत वळलीत, सरळ होत नाहीत. तोंड धुताना बोट डोळ्यात जातं, खिशात घातलेला हात बाहेर काढताना अडकतो. पुण्यातल्या हाताच्या सर्जननी डुपुट्रेन्स कॉन्ट्रॅक्चर सांगितलं. दारू, सिगारेट, शुगर आहे का असं त्यांनी विचारलं. दारू चार वर्षांपूर्वी सोडली, दिवसाला दोन-तीन बिड्या चालू आहेत, शुगरच्या गोळ्या घेतो, असं मी खरं ते सांगितलं. सोबत बायको होती. त्या दिवसापासून घरात एकच वाक्य आहे, "प्यालात त्याची ही फळं." मुलगाही तेच म्हणतो. मेहुणे म्हणतात व्यायाम नाही, वजन वाढलंय म्हणून. शेजारी तर महारोग असेल असं कुजबुजले. भजनात टाळ्या नीट वाजत नाहीत म्हणून मी जाणंच बंद केलंय. वडिलांचंही बोट असं वाकडं होतं, पण ते कुदळीमुळे. मी हे स्वतःच ओढवून घेतलं का? वेळेत सोडली असती तर हात वाचला असता का?

— एक वाचक, चिंचवड

दादा,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि लगेच मिटवूनही टाकलीत. वडिलांचं बोट. कुदळीमुळे वाकलं असं घरात सगळ्यांनी धरून चाललं आणि विषय तिथेच संपला. पण गावात कुदळ चालवणारे तुमचे वडील एकटे नव्हते. बाकीच्यांची बोटं सरळ कशी राहिली? आधी हा प्रश्न मनात घ्या, मग दारूकडे येऊ.

तळहाताच्या कातडीखाली एक चिवट, पांढरा पडदा असतो. आपण दांडा घट्ट धरतो तेव्हा तळव्याची कातडी सरकत नाही ती त्याच्यामुळे. जखम भरून येताना शरीर नवे तंतू तयार करतं आणि जखम आवळत आणतं. या आजारात पडद्यातल्या पेशी जखम नसतानाच ते काम सुरू करतात आणि थांबत नाहीत. आधी गाठ येते, मग गाठीपासून बोटाकडे बाजेच्या सुंभासारखी ताणलेली दोरी तयार होते, आणि ती आखडत गेली की बोट आत ओढलं जातं. बहुतेक वेळा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. बोट वाकवणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, मात्र धडधाकट असते, म्हणून असे लोक मूठ नीट वळू शकतात, उघडताना तेवढं अडतं.

या पेशी चाळवतात कशाने, यावर जवळजवळ दोनशे वर्षं वाद चालू आहे. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या पॅरिसच्या सर्जननी १८३१ मध्ये एका वाइनच्या व्यापाऱ्याच्या हाताचं ऑपरेशन केलं. त्यांच्या पाहण्यात एक घोडागाडी हाकणाराही होता. एकाच्या हातात पिंपं, दुसऱ्याच्या हातात चाबूक, तेव्हा तळहातावर सतत येणारा दाब हेच कारण असणार, असं त्यांनी मांडलं. तुमच्या घरच्यांनी वडिलांच्या कुदळीचा लावला तोच हा अर्थ. पुढे हाच आजार ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना झाला, १९८६ मध्ये त्यांचं ऑपरेशन झालं. १९८९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचं झालं. पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष दिवसभर कसली अवजारं चालवत होते?

आज या वादातला मोठा भाग मिटला आहे. डेन्मार्कमध्ये जुळ्यांच्या तीस हजारांवर जोड्यांची माहिती तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष आला, की हा आजार कुणाला होतो आणि कुणाला नाही या फरकातला सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा आहे. त्याआधी २०११ मध्ये युरोपातल्या संशोधकांना या आजाराशी जोडलेल्या जनुकांच्या नऊ जागा सापडल्या होत्या. उत्तर युरोपात हा आजार खूप, पुरुषांत जास्त आणि बहुधा पन्नाशीनंतर. आपल्याकडे तो कमी दिसतो, म्हणून तुमच्या घरात कुणी नाव ऐकलेलं नाही आणि ज्याला जे सुचलं ते त्याने बोलून टाकलं. वडिलांना हेच होतं असं आता कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण सर्जनना ही गोष्ट सांगितली नसेल तर पुढच्या खेपेला पहिली तीच सांगा.

आता दारू. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही. जास्त पिणाऱ्यांमध्ये हा आजार जास्त आढळतो, हे युरोपातल्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. लिव्हरच्या जुन्या आजारात डॉक्टर तळहात बघतात, तेव्हा जी लक्षणं शोधतात त्यात हेही एक. तंबाखूच्या धुराचंही तसंच, आणि ऑपरेशनपर्यंत वेळ आलेल्यांमध्ये तो धागा ठळक दिसतो. पण आयुष्यात थेंबही न घेतलेल्या कितीतरी माणसांची बोटं अशी वाकतात, आणि रोज पिणाऱ्या बहुतेकांची आयुष्यभर सरळ राहतात. दारूने तुमच्या बाबतीत थोडा हातभार लावला असेल. ही तिचीच फळं, असं मात्र कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. तुमच्या डॉक्टरांनीही विचारलं होतं फक्त, निदान म्हणून सांगितलं नव्हतं. घरी येईपर्यंत त्या प्रश्नाचा निकाल झाला.

ग्राइंडरबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलेलं दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं. हाताला सतत हादरे देणाऱ्या यंत्रांचा आणि या आजाराचा संबंध चांगलाच तपासला गेला आहे. ब्रिटनने डिसेंबर २०१९ पासून अशी यंत्रं वापरणाऱ्या कामगारांसाठी हा आजार कामामुळे होणाऱ्या आजारांच्या सरकारी यादीत घेतला. एकूण दहा वर्षं, आठवड्यातले किमान तीन दिवस, दिवसाला दोन तास असं यंत्र हातात असलं पाहिजे आणि आजार त्याच काळात सुरू झालेला असला पाहिजे, अशी त्यांची अट आहे. तुमची गाठ नोकरीत असतानाच हाताला लागत होती, असं तुम्हीच लिहिलंय. ज्या कामाने घर उभं राहिलं, मुलगा शिकला, त्याचाही या बोटात वाटा असू शकतो. मुलाला ही एवढी एक गोष्ट कळायला हवी.

शुगर असलेल्यांत हा आजार जास्त दिसतो, पण बहुधा सौम्य. त्यांची बोटं नुसती कडक होऊन नमस्कार करताना तळव्यांमध्ये फट राहते, तो प्रकार निराळा आणि आपल्याकडे कितीतरी जास्त. शुगर आटोक्यात आली की आखडलेली दोरी सैल पडेल, ही आशा ठेवू नका. मेहुण्यांना सांगा, या आजारात वजनाचं गणित उलटं आहे, काही अभ्यासांत तो बारीक अंगाच्या लोकांत जास्त दिसला. आणि व्यायाम न केल्याने ही दोरी तयार होत नाही. आंबट, थंड पाणी, वात असलं कुणी काही सांगितलं तर ऐकून सोडून द्या. रबरी चेंडू दाबून किंवा बोट दुसऱ्या हाताने जोर लावून मागे ओढूनही ते सरळ होणार नाही. त्या पेशींना ताण मिळाला की त्या आणखी चेवतात, तेव्हा ओढाताण नकोच. तेल लावून हलक्या हाताने चोळल्याने बरं वाटत असेल तर चोळा, पण औषध म्हणून नव्हे.

शेजाऱ्यांच्या कुजबुजीबद्दल. कुष्ठरोगात नस बिघडते, त्यामुळे बोटं वाकतात आणि हाताची जाणीव जाते. गरम-गार कळत नाही, चटका बसलेला समजत नाही. तुमच्या तळव्यात दोरी हाताला लागते आणि तपासणी हाताच्या सर्जननी केली आहे, तेव्हा ती शंका मनातून काढा. आणि खरंच कुष्ठरोग असता तरी तोंड लपवायचं काही कारण नव्हतं. तो पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं.

आता वहिनींचं बोलणं. तुम्ही चार वर्षांपूर्वी सोडलीत. त्याआधीच्या संध्याकाळी त्यांनी कशा काढल्या ते तुमच्या पत्रात नाही, आणि मला वाटतं ते तुमच्या दोघांच्या बोलण्यातही कधी आलेलं नाही. तुम्ही सोडलीत, सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला आणि विषय झाकला गेला. मग डॉक्टरांच्या खोलीत दारू हा शब्द निघाला आणि इतकी वर्षं गिळलेलं सगळं या बोटावर येऊन पडलं. म्हणून बोटाबद्दल वाद घालू नका. युरोपातले अभ्यास दाखवून तुम्ही तो जिंकालही, आणि त्या आणखी गप्प होतील. त्याऐवजी एक दिवस चहा घेताना सरळ म्हणा, "बोट कशाने वाकलं ते डॉक्टर बघतील. पण त्या वर्षांत तुला फार त्रास दिला, त्याचं मला वाईट वाटतं." मध्ये "पण तू सुद्धा" येऊ देऊ नका. त्या काही बोलल्या तर ऐकून घ्या, रडल्या तर रडू द्या. त्या त्रासाची माफी तुम्ही मागायला हवीच आहे. बोटाची माफी मात्र कुणाकडेही मागायची गरज नाही.

वेळेत सोडली असती तर हात वाचला असता का, असं विचारलंत. वडिलांकडून जे आलं असेल आणि ग्राइंडरने जे दिलं असेल ते तसंच राहिलं असतं, त्यामुळे बहुधा नाही. बिडी मात्र आज सोडा आणि शुगर आजपासून नीट सांभाळा, कारण पुढे हातावर काही करायचं ठरलं तर जखम भरायची आहे. धुराने आणि वाढलेल्या साखरेने भरणारी जखम रेंगाळते, पू होण्याची भीती वाढते. तुमच्या सवयींचा या हाताशी खरा संबंध मला इथे दिसतो.

सर्जनकडे जाण्याआधी हात टेबलावर पालथा ठेवून बघा. तळवा आणि बोटं सपाट टेकत नसतील तर बाजूने मोबाइलवर फोटो काढा, तीन-चार महिन्यांनी पुन्हा तसाच काढा. किती वेगाने वाकतंय ते त्यावरून कळेल. बोट मुळाशी साधारण ३० अंश वाकलं की सर्जन उपायाचा विचार करतात. मधलं पेर वाकायला लागलं असेल तर थांबू नका, ते सांधे एकदा आखडले की नंतर पूर्ण सरळ होत नाहीत. सुईने दोरी तोडण्याचा उपाय हात बधिर करून होतो, त्याच दिवशी घरी जाता येतं, पण बोट पुन्हा वाकण्याचा संभव जास्त. ऑपरेशन करून दोरी काढली तर परिणाम जास्त टिकतो, मात्र नंतर काही आठवडे फिजिओथेरपी मन लावून करावी लागते. आजार मुळापासून जात नाही, हे दोन्हीत धरून चाला. तुमच्या हाताला यातलं काय बरं, आणि मधलं पेर वाकलंय का, एवढं त्यांना स्पष्ट विचारा. पायाच्या तळव्याला गाठ लागत असेल तर तीही दाखवा, कारण याच जातीची गाठ तिथेही येते.

मुलालाही एकदा हात टेबलावर ठेवून बघायला सांगा. घाबरवायला नको. पुढे कधी तळव्यात गाठ लागली तर तुमच्यासारखा घट्टा समजून तो वर्षानुवर्षं घालवणार नाही, एवढ्याचसाठी.

आणि या आठवड्यात भजनाला जा. टाळ्या जमत नसतील तर टाळ घ्या, तुमची मूठ अजून वळत असणार. वहिनींना पुढच्या तपासणीला सोबत न्या, वडिलांच्या बोटाची गोष्ट त्यांच्यासमोरच डॉक्टरांना सांगा, आणि काय ठरलं ते मला कळवा.

तुमची,
ताई