ख्मेर लिपी (कंबोडियाची) काँप्युटरमध्ये नेमकी कशी साठवतात?

मराठी टाईप करत असाल तर अर्धं उत्तर तुम्हाला आधीच माहितीये. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना नंबर (कोड) देणाऱ्या यादीत, ख्मेरचा ब्लॉक १७८० ते १७एफएफ (हेक्समध्ये, म्हणजे ०-९ नंतर ए-एफ वापरणाऱ्या आकड्यांत), १९९९ च्या ३.० व्हर्जनपासून आहे. त्यांच्याकडे जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन पहिल्याच्या पायाशी लटकतं, पण त्या खालच्या आकाराला वेगळा कोड नाहीये, आधी ‘कोएंग’ नावाचं न दिसणारं चिन्ह (१७डी२) आणि मग नेहमीचंच व्यंजन, म्हणजे आपला हलन्तच समजा ना! कंबोडियावाल्यांना हे तेव्हा अजिबात पटलं नव्हतं, त्यांना खालचे आकार वेगळे हवे होते, पण तोवर उशीर झालेला.

आता ‘ख्मेर’ हाच शब्द घ्या: ख, कोएंग, म, स्वर, र असे ५ कोड, यूटीएफ-८ मध्ये (हे कोड बाइट्समध्ये साठवायची नेहमीची पद्धत) १५ बाइट्स, आणि गंमत म्हणजे देवनागरीतही अगदी तेवढेच. फक्त तिकडे तो स्वर दिसतो ख च्या डावीकडे पण साठवला जातो म च्या नंतर, आपल्या पहिल्या वेलांटीसारखा, त्यामुळे फॉन्ट गंडला की चौकोन नाहीतर अक्षरांची खिचडी.

आणि हो, शब्दांमध्ये स्पेस देत नाहीत, म्हणून ओळ नीट तुटावी यासाठी बऱ्याचदा २००बी या कोडची न दिसणारी स्पेस घालतात, सर्च करताना तीच नडते.